रिमोट काढून बटण बसवलं त्या दुपारी

आधीच सांगून टाकतो — हा ग्रुप मी दोन-अडीच वर्षं वाचतोय, आणि इतके दिवस खरं म्हणजे हसायला वाचत होतो. संध्याकाळी दुकान बंद केलं की बायकोला एखादा अनुभव मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्यात गडबड कुठे आहे ते सांगायचं, हा माझा आवडता उद्योग. कुणाच्या घरात बल्ब आपोआप लागला — न्यूट्रलची वायर लूज. कुणाला बंद खोलीत गुणगुण ऐकू आली — ट्यूबलाईटचा चोक खराब. आमच्या सिंधुदुर्गात असल्या गोष्टींना तोटा नाही. प्रत्येक वाडीत एक तरी जागा अशी असते की जिथून लोक भर दुपारी जायचं टाळतात. मी बिनधास्त जातो. पोलावर चढणाऱ्या माणसाने हे सगळं मनावर घेतलं तर धंदा कसा करायचा?

मी दिगंबर. आयटीआय केलेला वायरमन, वय त्रेचाळीस. देवगड तालुक्यात, मालवणकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्याला एका तिठ्यावर माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं छोटं दुकान आहे. ज्यांच्या घरी हे घडलं त्यांना विचारून लिहितोय, त्यांची नावं तेवढी बदलली आहेत. वाडीचंही नाव देत नाही, कारण ते घर अजून तिथे उभं आहे.

गोष्ट गेल्या ऑक्टोबरमधली.

सुलभाकाकी माझ्या जुन्या गिऱ्हाईक. दुकानापासून नऊ किलोमीटरवर, खाडीच्या काठच्या वाडीत राहायच्या. रस्ता आधी सड्यावर चढतो — म्हणजे वर नुसता सपाट काळा कातळ, चार किलोमीटर ना घर ना झाड — आणि मग एकदम खाली माडांत उतरतो. तिथलं तिसरं घर त्यांचं. स्लॅबचं, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. त्यांच्या यजमानांना सगळे तात्या म्हणायचे. तात्या ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे होडीचे प्रमुख. आवाज असा, की धक्क्यावरून शीळ घातली तर काकी घरातून डबा घेऊन निघायच्या.

त्याच तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चौदा महिने खाटेवर होते. त्या काळात मुंबईच्या पुतण्याने त्यांच्या खोलीतल्या पंख्याला रिमोटचं किट बसवून दिलं. डाव्या हाताने बटण दाबलं की पंखा कमी-जास्त करता यावा, एवढीच कल्पना. किट म्हणजे काय, आगपेटीएवढा एक पांढरा डबा. पंख्याच्या वरच्या वाटीत बसतो, रिमोटचा सिग्नल मिळाला की 'टीट' असा आवाज करतो. पुतण्याने घाईत भिंतीवरचं बटण बायपास करून पंख्याला डायरेक्ट लाईन दिली होती. म्हणजे पंखा बंद करायचा तर रिमोटनेच, नाहीतर मेन पाडायला लागायचा.

तात्या मे महिन्यात गेले.

ऑक्टोबरात काकींचा फोन आला. म्हणाल्या, तात्यांच्या खोलीतला पंखा दुपारचा आपोआप लागतो. आधी टीट टीट वाजतं, मग फिरायला लागतो. मला तो रिमोट नको, भिंतीवर साधं बटण करून दे. मी फोनवरच हसलो. म्हटलं, काकी, या स्वस्तातल्या किटचा कोड एकच असतो, शेजारच्या होमस्टेत कुणीतरी रिमोट दाबत असणार.

मंगळवारी बघायला गेलो. पंखा बंद होता. खाट अजून तिथेच होती, गादी गुंडाळलेली. खिडक्या लावून घेतलेल्या. रिमोट फडताळात एका पिशवीत होता. उघडून बघितलं तर आत सेलच नाहीत.

"कधीपासून काढून ठेवलेत?" मी विचारलं.

"ते गेले त्या दिसापासून," काकी म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, आठवण आली असेल.

शेजारी होमस्टेत जाऊन विचारलं. मालकाचं नाव नवीन, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, एकही रिमोटचा पंखा नाही बाबा, टुरिस्ट रिमोट घेऊन जातात. आजूबाजूच्या दोन घरांत विचारलं, तिथेही नाही. तरी मला काही वाटलं नाही. खाऱ्या हवेत असल्या किटमधले बोर्ड सडतात, ट्रॅक शॉर्ट होतात, मग ते वाटेल ते करतात. किट काढून टाकायचं, बटण आणि रेग्युलेटर बसवायचा — दोन तासांचं काम. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी सकाळपासून लाईट बंद असते, म्हणून शुक्रवारच ठरवला.

शुक्रवारी दहाला पोचलो. वाडीत कुठेच लाईट नव्हती. तरी सवयीप्रमाणे घरातला मेन पाडला, टेस्टर लावून बघितला. आधी खालचं काम उरकलं. जुना लाकडी बोर्ड काढून नवा लावला, बटण आणि रेग्युलेटर बसवला, वरून पट्टीतून वायर ओढून आणली. काकी मधूनमधून दारात येऊन बघून जात होत्या. खोलीत मात्र येत नव्हत्या. चहासुद्धा उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून दिला.

मग शिडी लावली आणि वर चढलो. पंख्याची वाटी सैल करून खाली सरकवली. आतला पांढरा डबा चिमटीत धरला.

टीट.

माझ्या बोटांत वाजला. मी तसाच थांबलो. मीटर काढून लावला... शून्य. लाईट सकाळपासूनच नव्हती. मनाला सांगितलं, कपॅसिटरमध्ये चार्ज उरला असेल. पण सांगतानाच कळत होतं की एवढ्याशा किटमधला चार्ज काही सेकंदांत संपतो.

खाली बघितलं तर काकी दारात उभ्या. हातात डाव, पीठ लागलेली बोटं.

"वाजलो?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोललो. म्हटलं, "नाय काकी, स्क्रूड्रायव्हर आपाटलो."

 त्या दारातच उभ्या राहिल्या.

पुन्हा हात वर केला, आणि माझ्या खांद्याला पंख्याचं पातं लागलं. पाती फिरत नव्हती. ते एक पातं हळूच सरकलं आणि खांद्यावर टेकून दाबत राहिलं — वाटेत उभ्या असलेल्या माणसाला आपण हाताने बाजूला करतो ना, तसं. मी खांदा मागे घेतला, तर तेही तेवढंच पुढे आलं. खिडक्या बंद होत्या. वारा नव्हता. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्या घामाचंच एकदम पाणी झाल्यासारखं वाटलं... थंड.

खाली उतरलो. अंगणात जाऊन तांब्याभर पाणी प्यालो. बावीस वर्षांत अर्धं काम टाकून शिडीवरून उतरलोय असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.  मग स्वतःलाच शिव्या दिल्या, वर चढलो, श्वास धरून किटच्या वायरी पक्कडीने कापल्या आणि पंख्याची जोडणी थेट केली. वाटी वर सरकवली. एवढं पाच मिनिटांत. कधी इतक्या घाईत केलं नव्हतं.

टेस्ट करायला लाईटची वाट बघायला लागली. ती आली पाऊण वाजता. मेन वर केला. बटण दाबलं, पंखा लागला. रेग्युलेटर एक ते पाच फिरवला, सगळं बरोबर. काकींना बोलावलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी उंबरा ओलांडला. स्वतः बटण दाबलं. बंद केलं. परत दाबलं. असं पाच-सहा वेळा केलं आणि त्यांचा चेहरा असा सैल पडला, की मला माझीच लाज वाटली. एवढीशी गोष्ट होती यांची आणि मी हसलो होतो.

जेवून जा म्हणाल्या. मी पण थांबलेय तुझ्यासाठी, भात टाकलाय. मी नको म्हटलं, दुकान उघडायचं आहे. खरं सांगायचं तर मला त्या घरातून निघायचं होतं. निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेला तो डबा माझ्यासमोर धरला. "ह्यो घेवन जा. हय ठेव नको." मी तो हत्यारांच्या बॅगेत टाकला, बॅग स्कूटरवर पायांत ठेवली आणि निघालो.

सड्यावर चढेपर्यंत काही नाही. वर आलो, ऊन टाळूवर. पाऊस संपून गवत पिवळं पडलेलं, रस्ता रिकामा. साधारण मधोमध असेन...

टीट.

वाटलं, फोनचा मेसेज. चालवत राहिलो. परत टीट. परत. स्कूटर थांबवली, फोन बघितला. काही नाही. इंजिन बंद केलं. सड्यावर इंजिन बंद केलं की कानात दडे बसल्यासारखी शांतता होते. त्या शांततेत पायांतल्या बॅगेतून स्पष्ट आलं — टीट, टीट, टीट. थोडा वेळ गेला. परत टीट, टीट, टीट.

बॅग उघडली, कागद सोडला. डबा तळहातावर ठेवला. त्याच्या दोन्ही बाजूंनी मीच कापलेल्या वायरी लोंबत होत्या, तांब्याची टोकं उघडी, कशालाही न जोडलेली. आत सेल नसतो, बॅटरी नसते. घरातली लाईट हेच त्याचं खाणं. आणि तो माझ्या हातात वाजत होता. मुठीत भुंगा धरल्यावर जसा थरथरतो, तशी थरथर तळव्याला लागत होती. तीन वेळा. थांबून तीन वेळा.

मी काय केलं? लपवत नाही. तो डबा रस्त्याकडेच्या एका दगडावर ठेवला आणि मागे मागे सरकलो. दहा पावलं गेलो तरी ऐकू येत होता.  आजूबाजूला नजर पोचेल तिथवर माणूस नाही, आणि तरी मला सारखं वाटत होतं की मागे कुणीतरी उभं आहे आणि त्याला मी ऐकलेलं कळलंय. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. स्कूटर चालू करून सरळ घरी पळायचं, एवढंच डोक्यात. चावी फिरवलीसुद्धा.

आणि मग एक वेगळीच भीती आली. वायरमनची. म्हटलं, मी आज घाईत जोडणी केली. एखादी फेजची वायर उघडी राहिली असेल तर? बटण दाबायला गेलेल्या काकी चिकटल्या तर? काकींना फोन लावला. पूर्ण रिंग गेली, उचलला नाही. परत लावला. परत तेच. फोन त्या कायम कमरेच्या बटव्यात ठेवतात, दुसऱ्या रिंगला उचलतात.

डबा तिथेच टाकला आणि स्कूटर उलटी फिरवली. उतार कसा उतरलो ते आठवत नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरताच करपल्याचा वास. काकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडव्या पडल्या होत्या. पहिल्यांदा त्यांना हातसुद्धा लावला नाही, धावत जाऊन मेन पाडला. मग जवळ बसलो. अंग गार आणि घामाने निथळलेलं, डोळे अर्धे उघडे, दात घट्ट. शॉक लागल्याची कुठलीच खूण नाही. गॅसवर आमटीचं टोप कोळसा झालं होतं आणि खाली जाळ तसाच पेटलेला. तो विझवला. माझी आई शुगरची पेशंट होती, तिला असं होताना मी दोनदा पाहिलं होतं, म्हणून कळलं. डब्यातली साखर बोटाने हिरड्यांना चोळली, चोळत राहिलो, आणि ओरडून नवीनला हाक मारली. त्याने गाडी काढली. ग्रामीण रुग्णालयात नेलं, सलाईन लागलं, मग तिथून कणकवलीला.

सकाळी शुगरची गोळी घेतली होती काकींनी, नुसत्या चहावर. माझं काम संपायची वाट बघत जेवायच्या थांबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा-पाऊण तास गेला असता तर अवघड होतं.

काकींना एकच मुलगी, वैशाली, कणकवलीला असते. ती माझे हात धरून रडली. दिगूदादा, देवासारखे परत आलात म्हणाली. कशाला परत आलात, असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, टेस्टर विसरलो होतो.

बायकोला मात्र त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती हसली नाही. रविवारी सकाळी ती माझ्यासोबत सड्यावर आली. डबा त्याच दगडावर होता. आता गप्प. दुकानात आणून उघडला, आणि उघडल्यावर मला सड्यावर वाटली नसेल तेवढी भीती वाटली. आतला बोर्ड मिठाने खाल्लेला. हिरवी पूड झालेली. आवाज करणारा जो काळा गोल बझर असतो, त्याचा एक पाय बोर्डापासून तुटून लोंबत होता. कणकवलीला माझ्या ओळखीचा एक जण असले बोर्ड दुरुस्त करतो, त्याला नेऊन दाखवला. काहीच सांगितलं नाही, नुसतं विचारलं, चालेल का? तो म्हणाला, खंय चिखलात गावलो काय रे? याच्यातून वर्षभरात करंट गेलेला नाही.

म्हणजे माझ्या हातात तर सोडाच, तो त्या घरात छताला असतानाही चालायला नको होता. तात्या खाटेवर असताना शेवटी शेवटीसुद्धा.

आठवड्याने काकींना भेटायला वैशालीकडे गेलो. वैशाली कामावर गेली होती. काकी खाटेवर बसून मटार सोलत होत्या, बऱ्या दिसत होत्या. मला राहवलं नाही. शिडीवर वाजला होता तिथपासून सड्यापर्यंत सगळं सांगितलं. तीन-तीन वेळा वाजत होता, हेही सांगितलं.

त्यांचे हात थांबले. शेंग तशीच बोटांत राहिली. मग जे सांगितलं, ते त्यांनी तोवर वैशालीलाही सांगितलं नव्हतं.

तात्यांना बोलता येत नव्हतं. हाक मारायची तर रिमोट. एक वाजवलं की पाणी. दोन म्हणजे कुशीवर वळव. तीन म्हणजे ताबडतोब ये. सुरुवातीला तीन क्वचितच वाजायचं. पुढे दिवसभर तीनच. काकी हातातलं टाकून धावायच्या, बघायच्या तर तात्यांना काही नको असायचं. नुसते बघायचे. पाठ फिरवली की परत तीन. न्हाणीघरात, विहिरीवर, रात्री डोळा लागला की... चौदा महिने. हात त्यांनी कधी उचलला नाही काकींवर, पण हाक आली की गेलंच पाहिजे, हे लग्न झाल्यापासूनचं.

मे महिन्यातल्या त्या दुपारी काकींनी तात्या झोपलेले बघून रिमोटमधले सेल काढले. एक तास झोप मिळावी म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं. बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या. उठून आत गेल्या तेव्हा तात्या गेलेले होते.

"रिमोट मुठीत होतो," काकी म्हणाल्या. "आंगठो बटनारच होतो रे."

 धीर द्यायचा म्हणून म्हटलं, काकी, तात्यांनी त्या दुपारचं मनात ठेवलं असतं तर शुक्रवारी मला माघारी कशाला बोलावलं असतं? तुम्हाला वाचवायलाच ना?

काकींनी माझ्याकडे बघितलं. 

"तुका तसा वाटता," त्या म्हणाल्या. "पण मी थय उंबऱ्यात पडलंय तेवा माकाव ऐकाक येय होता. तीन, तीन. डबो तुझ्याकडे, आनि माका कानाकडे ऐकाक येय होता. ते माका बोलवी होते, दिगू. मी निघालंच होतंय. तेवड्यात तू इलस."

पुढे कितीतरी वेळ आम्ही दोघंही मटार सोलत बसलो.  वैशाली आल्यावर चहा घेऊन निघालो.

डबा दुसऱ्या दिवशी पुलावरून खाडीत टाकला. बायको म्हणाली, मागे वळून बघू नको. वर्षापूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी मुद्दाम वळलो असतो. त्या दिवशी वळलो नाही.

काकी आता कणकवलीलाच असतात. खाडीकाठचं घर बंद आहे, मेन मी स्वतः जाऊन पाडून आलो. त्या खोलीत गेलो नाही, बाहेरूनच. ग्रुपवर कुणी इलेक्ट्रॉनिक्समधलं असेल तर जरूर सांगा — वायरी कापलेला, बझर तुटलेला बोर्ड उन्हात वाजू शकतो का. मी दोन-तीन जाणकारांना विचारलं, सगळे नाही म्हणाले. आणि समजा उद्या कुणी कारण सांगितलंच, तरी माझा दुसरा प्रश्न राहतोच. मी त्या हाकेला ओ देऊन परत गेलो, की त्या हाकेच्या आड आलो? याचं उत्तर मला देता आलेलं नाही. आड आलो असेन, तर कुणाच्या आड आलो, हे मनात आलं की मी दुकानातला रेडिओ मोठा करतो.

गेल्या महिन्यात काकींचा फोन आला होता. हे लिहू का विचारायचंच होतं मला, त्या हो म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, तुला परत कधी ऐकू आलं का? मी नाही म्हटलं. खरंच आलेलं नाही.

"माकाव नाय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, बरं झालं काकी, आता निवांत झोपत जा दुपारच्या.  त्यावर त्या म्हणाल्या,

"दुपारची मी निजणंय नाय रे. निजलंय, आनि तेवाच वाजला तर?"